फाटकावरचा झेंडा

नाशिक रोडला आमच्या शेजारी एक हार्डवेअरचे दुकानदार राहत. राजकारणावर वाद घालताना ते चष्मा काढून हातात धरत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत आणि मगच आवाज चढवत. एका पक्षाचं काम ते वर्षानुवर्षं करत होते.

नव्वदच्या दशकातल्या एका निवडणुकीत त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गल्लीतल्या सरसकट सगळ्या फाटकांवर झेंडे बांधले, माझ्याही. मी वार्ताहर होतो. दारात झेंडा असता तर माझ्या बातम्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता, पण काढायचं धाडस होईना. सकाळी शेजारीच स्टूल घेऊन आले आणि दोरी सोडू लागले.

"काका, आपलाच झेंडा काढताय? पार्टी बदलली का?" एक कार्यकर्ता ओरडला.

"घर त्यांचं आहे. विचारलं होतंस त्यांना?"

मी आभार मानले.

"ते राहू द्या. झेंडा नको, हा तुमचा हक्क. पण मतदानाला दांडी मारायची नाही, बरं का!"

मतदानाच्या सकाळी त्यांनीच माझी बेल वाजवली. आम्ही बरोबर गेलो, बरोबर परतलो. मत कोणाला दिलं, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि पुढच्या कुठल्याच निवडणुकीत नाही.