हळू भांडणाऱ्या चिंधाबाई

आमच्या मोठ्या जाऊबाई, चिंधाबाई, शिव्या देऊ लागल्या की त्या ऐकायला शेजारच्या गावची माणसे यायची. यात मी काडीचीही भर घालत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे बायका गौराई बुडवायला नदीवर जातात. अलीकडे आमचे गाव, पलीकडे दुसरे. दोन्हीकडच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतात. हा रिवाजच आहे, त्यात कोणी राग धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींकडून विरजण मागून नेतात. आमच्या काठाच्या पुढारी चिंधाबाई आणि पलीकडच्या झेलाबाई. दोघींची जुंपली की बाकीच्या बायका नुसत्या ऐकत बसत.

मी नंदुरबारच्या एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन या पाटलांच्या घरात आले तेव्हा 'मेली' यापलीकडची शिवी मला येत नव्हती. पहिल्या आखाजीला मी पदराने तोंड झाकून मागे उभी राहिले, ते चिंधाबाईंनी पाहिले आणि तेव्हापासून मला 'मास्तरनी' म्हणायला लागल्या. माझा स्वभावही काही गायीचा नव्हे. सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा. भाकरी जाड झाली तर बोलत, पातळ झाली तरी बोलत. मग एकदा मला हिवताप भरला. बाई उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होत्या आणि चक्क तापाला इथून चालता हो म्हणून रागे भरत होत्या, "ऊठ आठेथीन. तुन्हा बापनं घर शे का हाई?" त्या दिवशी मला कळले की या बाईची माया याच वाटेने बाहेर येते. तिला दुसरी वाट फुटलेलीच नाही.

दुसरी मोठी लढाई, जर्मनीची, सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. एका आखाजीला झेलाबाईंना चांगले झोडपून बाई घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. घरात हसे झाले. पलीकडून झेलाबाईंनी मुद्दाम निरोप धाडला की चिंधी हरली. ज्येष्ठमध झाले, हळद घातलेले दूध झाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. पाऊस आला, सरत आला, तरी घसा घोगराच. वर एक खोकला लागला, पितळी भांडे आपटल्यासारखा. इतक्या मोठ्या आवाजाच्या बाईचा घसा ओरडून बसला, यात कोणाला काही वावगे वाटलेच नाही. मलाही नाही. दुसऱ्या कोणा बाईचा आवाज असा गेला असता तर आम्ही महिन्याभरात वैद्य शोधला असता.

दिवाळीनंतर पाण्याची घागर उचलताना बाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या चोळीखाली, गळ्याच्या हाडाजवळ, काहीतरी उडताना मला दिसले. हात लावला तर तिथे दुसरे काळीज ठेवल्यासारखे ठोके. थोरले भाऊ, म्हणजे बाईंचे मालक, मी आणि बाई खांडबाऱ्याहून आगगाडीने सुरतेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बाईंच्या दोन्ही मनगटांची नाडी एकदम धरली. एकीकडची जोरात होती, दुसरीकडची कशीबशी लागत होती. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन एक्स-रेच्या यंत्रापुढे उभे केले. बाहेर आल्यावर त्यांनी बाईंना बाकावर बसवले आणि आम्हा दोघांना आत बोलावले.

काळजातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, असे ते म्हणाले. आवाजाची नस तिच्याखाली दबली आहे, घशाला काहीच झालेले नाही. थोरल्या भाऊंनी विचारले, आमच्या विहिरीवरच्या मोटेचे कातडे विरून एका जागी फुगते, तसे का? डॉक्टर म्हणाले, अगदी तसेच. मोटेला ठिगळ लावता येते, याला नाही. कापाकापी करण्याजोगी ही जागा नव्हे. आयोडाइडचे औषध दिले, कडू आणि नाक गळवणारे. बाकी सगळे पथ्यच होते. ओझे उचलायचे नाही, बैलगाडीचे हिसके नकोत, मीठ कमी, शौचाला जोर करायचा नाही. आणि ओरडणे, भांडणे, रागावणे बंद. ते ऐकून थोरल्या भाऊंनी माझ्याकडे जे पाहिले, ते मी अजून विसरले नाही. बाईंना त्यांनी एवढेच सांगितले की घशाला आराम पाहिजे.

त्या दिवसापासून आमच्या घराने श्वास रोखून धरला. थोरल्या भाऊंनी सगळ्यांना ताकीद दिली की बाई म्हणतील ते खरे. गड्याने तुपाचे भांडे लवंडले तर ते मी माझ्या अंगावर घेतले आणि तीनदा माफी मागितली. बैलाला पान लागले, म्हणजे साप चावला, आणि बैल गेला. बाईंना सांगितले की विसरवाडीला पाहुण्यांकडे दिला आहे. मी भाकरी थापताना कान त्यांच्या खोकल्याकडे, पाणी भरताना डोळे त्यांच्या गळ्याच्या हाडाकडे. कुठे दार जोरात आपटले तरी मी हातातले टाकून त्यांच्याकडे धावे. बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. जेवण उतरले. तोंडावरची रया गेली. मला वाटे, दुखणे वाढले.

मग घरात भावकीतल्या एका लग्नाची खरेदी निघाली. बाईंना गाडीत बसवायचे नाही म्हणून खांडबाऱ्याचे मारवाडी शेठ लुगड्यांचा गठ्ठा घेऊन घरी आले. शेठ आणि बाई यांची घासाघीस म्हणजे अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असे. शेठ कपाळाला हात लावत, बाई उठून चालू लागत, शेठ पुन्हा बोलावत. त्या दिवशी बाईंनी नेहमीसारखा अशक्य भाव सांगितला आणि शेठ म्हणाले, "ले लो बाई, आपकी खुशी." थोरल्या भाऊंनी त्यांनाही सांगून ठेवले होते. बाईंनी लुगडे नीट घडी घालून गठ्ठ्यावर ठेवले आणि आत निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या धान्याच्या कणगीला टेकून बसल्या होत्या. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "शेठनी माले पहिला बोलमाच लुगडं दी टाकं. खरं सांग, मास्तरनी. मी मरी ऱ्हायनू का?"

सांगावे तर धक्का बसून तिथल्या तिथे काही व्हायचे. न सांगावे तर ही बाई असे रोज थोडे थोडे मरणार. शेवटी मी त्यांचा हात धरून सगळे सांगितले, डॉक्टर बोलले तसे, बैलासकट. सांगताना त्यांची नाडी मी बोटाखाली धरून ठेवली होती. बाईंनी ऐकून घेतले. बैलासाठी डोळे पुसले, स्वतःसाठी नाही. मग म्हणाल्या, "समदास्ले सांग, मन्हासंगे भांडा. मी हळू भांडसू."

आणि खरोखर त्या हळू भांडायला शिकल्या. खाटेवर बसून, मध्ये दम घेत, एकेक शब्द निवडून. ओरडत होत्या तेव्हा माणूस कान झाकून सुटत असे. आता पुढचा शब्द येईपर्यंत समोर उभे राहावे लागे. ती शिक्षा जास्त कडक होती. औषध त्या स्वतः मागून घेऊ लागल्या, घागरीला हात लावत नव्हत्या, आणि जेवण पुन्हा पोटात जाऊ लागले. शेठला निरोप गेला की लुगडी घेऊन परत ये आणि नीट भांड. शेठ आले. दुपारपर्यंत दोघे पुटपुटत भांडले आणि शेठ जिंकले.

पुढच्या आखाजीला बाईंनी हट्ट धरला. थोरल्या भाऊंनी माझ्यावर सोपवले. आम्ही त्यांना खाटेसकट उचलून नदीवर नेले. पलीकडे झेलाबाई गप्प उभ्या होत्या. त्यांच्याही कानावर गेले असणार. बाईंनी मला खाली वाकवले आणि कानात एक शिवी सांगितली. मी म्हटले, मला नाही जमायचे. त्या म्हणाल्या, "मंग मी वरडू का?" ही सरळ धमकी होती. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा भर नदीवर ओरडले, "तुन्हा दादलानी मिशीमा उवा पडोत!" मग झेलाबाईंनी कमरेला पदर खोचला आणि आम्हाला असे काही सुनावले की बाईंचा चेहरा उजळला. तासभर त्या सांगत होत्या, मी ओरडत होते, आणि माझा डावा हात त्यांच्या मनगटावर होता.

असे आणखी एक वर्ष निघाले. पुढच्या चैत्रात एका दुपारी अंगणात खाटेवर पापड वाळत होते. बाई सावलीत डाळ निवडत बसल्या होत्या. शेजारची बकरी खाटेवर चढली आणि पापड खाऊ लागली. मी लाटणे घेऊन धावले आणि त्या बकरीला, तिच्या मालकाला आणि मालकाच्या आज्याला जे काही बोलले, ते कोणी शिकवले नव्हते. ते माझे स्वतःचे होते. बाई हसायला लागल्या. बिनआवाजाचे, अंग हलवणारे हसू. "आते तू पक्की व्हयनी, मास्तरनी," म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग हात छातीवर गेला, तोंड पांढरे पडले, आणि सूप मांडीवरून घसरले. मी पोचेपर्यंत सगळे संपले होते.

रागावर आम्ही सगळ्यांनी पहारा ठेवला होता. हसू नका, असे डॉक्टर म्हणाले नव्हते. हे माझ्या मनातून काही केल्या जाईना. काही महिन्यांनी माझ्या मालकांबरोबर सुरतेला जाणे झाले तेव्हा मी त्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारले, माझ्यामुळे झाले का? ते लगेच म्हणाले, छे छे, भिंत विरलेलीच होती, झोपेतही झाले असते, हसण्याचा काही संबंध नाही. फार गोड आवाजात म्हणाले. तो आवाज मी ओळखला. घरात आम्ही सगळे बाईंशी त्याच आवाजात बोलत होतो.

मी म्हटले, "डॉक्टर, माझ्या छातीला काही झालेले नाही. मला खरे सांगा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "खबर नथी, बेन."

मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले. रडू आले, पण बरेही वाटले. त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. बाई हसत होत्या, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.