आईचा उतरवलेला विंचू

मंत्रतंत्र आमच्या ख्रिस्ती घरात कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही आणि मलाही ते थोतांडच वाटतं... अजूनही! तरी हे लिहितेय, कारण मनातून जात नाही.

पारनेर तालुका, बहात्तरचा दुष्काळ. गावाबाहेर सरकारी खडीकाम चालू होतं. आई, आण्णा — म्हणजे माझे वडील — आणि मी, तिघंही तिथे दगड फोडायचो. आईचा उजवा गाल दुखायचा. साधं दुखणं नव्हे. वारा लागला, घास चावला की वीज चमकावी तशी कळ. नगरच्या डॉक्टरांनी त्या बाजूच्या सगळ्या दाढा काढल्या. दाढा गेल्या, कळ राहिली! "पोरी, हिरीत ढकल गं मला," म्हणायची. मी नुसती रडायचे.

एका दुपारी दगड उचलताना तिच्या बोटाला विंचू चावला. हात खांद्यापर्यंत ठणकू लागला, अंग घामानं भिजलं... आणि तिनं गालावर हात ठेवला. "आगं, गालाची कळ गेली! भाकर दे मला!" विव्हळत, हसत तिनं अख्खी भाकरी चावून खाल्ली.

पण विंचू चावला की उतरवणाऱ्याला आणायचं, ही गावाची रीत. लाल विंचवानं माणसं दगावतात. प्रार्थनेपलीकडे काही न मानणारे आण्णाच धावत जाऊन विंचू उतरवणाऱ्या तात्यांना घेऊन आले.

"ऱ्हाऊ द्या, मला ह्योच बरा हाय!" आई ओरडत होती. कोण ऐकतंय!

तात्या पुटपुटत कडुलिंबाचा डहाळा खांद्यावरून खाली झाडत गेले. ठणका कोपरात आला, मनगटात आला, बोटातून गेला — आणि आई गाल धरून किंचाळली.

"तात्या, परत चढवा की वो! पाया पडते!"

तात्यांचा चेहराच उतरला. "वैनी, मला उतरवायचंच येतं. चढवायचं न्हाई येत."

पुढे ती मुद्दाम दगडांखाली हात घालायची. विंचू चावलेही, पण नुसता हातच ठणकला.

विंचवाच्या विषातून वेदनेवर औषध शोधतायत, असं हल्ली वाचते. ते पटतं. पण पाला झाडल्यानं कळ परत कशी आली? आणि नंतरचे विंचू वाया का गेले?

आई त्या दुखण्यातच गेली. तात्यांना आणलं त्या दुपारपासून तोवर आण्णांशी ती एक शब्द बोलली नाही. बोलताना तिचा गाल दुखतो, असं आम्ही लोकांना सांगायचो.