वाणात वाटलेलं काळं मंजन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये मला थांबवू नका. गेल्या संक्रांतीला आमच्या अंगणात, भर हळदीकुंकवात, अख्ख्या आळीसमोर मी जो घोळ घातला तो सांगताना अजून माझे कान गरम होतात.

सगळ्याचं मूळ आमच्या आत्या. वडिलांची थोरली बहीण. येरमाळ्याजवळ आमचं गाव, तिथं त्या आमच्याकडंच असतात. मिसरीशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. ज्या दिवशी भाजतात त्या दिवशी सगळं घर खोकून बेजार! शेवटी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पुढचा दात हलायला लागला, भाकरी आमटीत भिजवून गिळायची पाळी आली. तरी बाई ऐकतील?

"आत्या, कळंबला दातांच्या डॉक्टरकडं चला."

"दात उपटून हातात देत्यात ते. म्या न्हाय यायची."

"मग मिसरी तरी सोडा!"

"आगं येडे, मिसरीनंच तर टिकल्यात दात!"

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी. माझ्या डोक्यात जाळ झाला. म्हटलं, थांबा, मीच मंजन करते. बाभळीचा कोळसा, डाळिंबाची वाळलेली सालं, कडुलिंबाचा पाला, लवंगा, सैंधव. खलबत्त्यात कुटून कुटून हाताला फोड आले. लवंगेच्या भुकटीनं नाक असं चोंदलं की वास नावाची गोष्ट जगात असते हेच विसरले. पण मंजन काय झालं होतं म्हणता! काळंभोर, मऊसूत.

आत्यांनी बरणीकडं नुसतं बघितलं. "चुलीतली राख हाय का ही?"

"लावून तर बघा!"

"आळीतल्या बाया चांगलं म्हणू दे, मग बघू."

"म्हणाल्या तर मिसरी सोडाल?"

"सोडीन."

"शब्द?"

"व्हय गं बाई, शब्द!"

इथं मी हुशारी केली. त्यांची ताजी भाजलेली मिसरी, चांगली बरणीभर, पळवली. पण लपवायची कुठं? आत्या कोठीत हात घालतात, पिठाच्या डब्यात घालतात, माझ्या कपाटातसुद्धा घालतात. फक्त एका जागी त्या मेल्या तरी फिरकणार नाहीत, ती म्हणजे माझ्या मंजनाची फळी! ठेवली तिथंच, मंजनाच्या शेजारी, तसल्याच बरणीत. वा गं माझी अक्कल!

हळदीकुंकवाला आई वाणात चहाच्या गाळण्या देणार होती. मी म्हटलं, "गाळण्या बास झाल्या. या वर्षी आरोग्य द्यायचं!" ऐनवेळी घाईघाईनं बरणी ओढली, नाक अजून चोंदलेलंच, तशाच कागदाच्या पुड्या बांधल्या. बाया जमल्या. तिळगूळ झाला, आणि मी अंगणात उभी राहून भाषण ठोकलं. "मिसरी म्हणजे विष आहे! ती सोडा आणि आजपासून हे लावा!"

शेजारच्या शांताकाकूंनी पुडी सोडली, चिमूटभर घेऊन हिरडीला घासलं आणि डोळेच मिटले.

"आगं बया! लई झ्याक जमलंय की गं!"

"खरंच, काकू?"

"भाजलंस कुठवर?"

माझ्या डोक्यात कोळसा. "चांगलं काळं होईस्तोवर!"

"तरीच! आमच्या सुनंला मेलीला न्हाय जमत आसं."

मग काय विचारता! बघता बघता सगळ्या अंगणाची बोटं तोंडात. एक म्हणते, "जल्मभर गाळण्या न् डब्या घेतल्या, आसं कामाचं वाण पयल्यांदाच!" दुसरी म्हणते, "मला दोन पुड्या दे, नणंदंला येडशीला धाडते." मी हवेत! कोपऱ्यात आत्या पुडी न सोडताच बसल्या होत्या, तोंड एवढंसं करून. शब्द दिला होता ना बाईंनी.

आणि म्हटलं, आता नीट लावून दाखवू. मोठी चिमूट घेतली, वरच्या खालच्या हिरड्यांना खसाखसा घासली. भाषण चालूच, थुंकणार कशी? गिळत गेले.

आधी उचकी लागली. मग दरदरून घाम. मग अंगण माझ्याभोवती फिरलं की मी अंगणाभोवती, ते कळलं नाही. कशीबशी मोरी गाठली आणि सकाळपासूनचा सगळा तिळगूळ बाहेर!

"लागली गं हिला!" शांताकाकू ओरडल्या.

"काय लागली?" आई घाबरीघुबरी.

"मिसरी! दुसरं काय? मुरलेल्या बायांचं काम हाय त्ये!"

आत्यांनी आता पुडी सोडली, हुंगली. "ही तर माझी मिसरी!"

"मग भाषण कशाचं केलंस गं?" कुणीतरी विचारलं.

"आगं, भाषणात तसंच म्हणायचं आसतं," शांताकाकूंनी समजावलं. अंगण हसून लोळलं.

आत्या हसल्या नाहीत. माझं डोकं मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "म्या बी आशीच पडले हुते गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्यापरीस ल्हान हुते. सासू म्हणली, हुईल सवय. झाली." मग उठल्या आणि उरलेली बरणी उकिरड्यावर रिती करून आल्या. "घरात नगं आता. तुला लागायची."

म्हणजे बघा, माझ्या भाषणानं जे झालं नाही ते माझ्या ओकारीनं केलं. दुसऱ्या दिवशी खरं मंजन घेऊन दारोदार पुड्या बदलायला गेले. एकीनंही परत दिली नाही!

आत्या मात्र नाक मुरडत का होईना, माझं मंजन लावायला लागल्या. रक्त थोडं कमी वाटलं, पण दात हलतच होता. मी शेजारी बसायचं या अटीवर कळंबला यायला कबूल झाल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, मिसरी लावता?"

"आता न्हाय. घरात आणतच न्हाय." आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या पोरीला लागली हुती ना! भर हळदीकुंकवात चक्कर यून पडली. आन् आळीभर वाटत बी हुती, बया! म्या सोडवली हिची."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं! "आजी, तुम्ही जरा थांबा. हिला आधी बसू द्या खुर्चीत."

मला खुर्चीत बसवलंच. खुलासा करायला मी तोंड उघडलं.

"हां, असंच उघडं ठेवा," त्या म्हणाल्या आणि आरसा आत घातला.