या घरात चुली किती?

यादी केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. घरचे याला रोग म्हणतात. ऑफिसात मात्र याच रोगामुळे मला गंगापूर तालुक्यातल्या एका गावाचं काम मिळालं. गावातली घरं उत्पन्नाच्या क्रमानं कागदावर रांगेत उभी करायची आणि बरोबर मधल्या घराचं उत्पन्न किती ते बघायचं. याला ऑफिसात मीडियन म्हणतात. काही वर्षांनी पुन्हा जायचं, पुन्हा रांग लावायची, आणि मधलं घर वर सरकलं की गाव सुधारलं असं अहवालात लिहायचं.

दुसऱ्या खेपेला मधलं घर खाली गेलं. गावात पत्रे जाऊन स्लॅब आले होते, दारोदार मोटारसायकली होत्या, आणि माझ्या कागदावर गाव गरीब झालं होतं.

"मॅडम, तुमच्या याद्या जरा तपासून या," साहेब म्हणाले.

माझ्या याद्या! अपमान गिळून मी गावाकडच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले.

पहिल्या खेपेला एकत्र असलेल्या एका घरात आधी शिरले. थोरला मुलगा वाळूजच्या कारखान्यात जाऊन-येऊन करायचा, धाकटा कापूस आणि ऊस बघायचा. ओट्यावर त्यांची आई गवारीच्या शेंगा मोडत होती. आमचा नियम असा की जितक्या चुली तितकी घरं. मी माझ्या खणखणीत आवाजात विचारलं, "या घरात चुली किती?"

म्हातारीनं मला हाताला धरून गोठ्यात नेलं.

"हळू बोल की बाई! दोन झाल्यात. म्हाताऱ्याला ठाऊक नाय. कंबर धरल्यापासनं आत पडून असतो, हाय खाऊन जाईल."

दोन्ही सुना वेगळं शिजवत आणि एकाच ताटात वाढून आत पाठवत. मला गहिवरून यायला हवं होतं. मला झाला आनंद. एकाची दोन घरं झाली की कमाई वाटली जाते आणि दोन्ही घरं रांगेत खाली सरकतात. गावभर हेच झालं असणार. याद्या निर्दोष सुटल्या.

तेवढ्यात आतून हाक आली, "त्या सर्वेवाल्या बाईला इकडं धाडा."

म्हातारा खाटेवर बसला होता. हळूच म्हणाला, "दोन चुली हायत. मला समदं ठाऊक हाय. थोरलीच्या आमटीला येसर मसाला असतो, धाकलीच्या नसतो. जीभ मेली नाय माझी."

"मग बोलत का नाही?"

"बोललो की आमची वाटणी. थोरला सडकंला घर बांधतोय. मी त्याच्याकडं, म्हातारी धाकल्याकडं, असं ठरवून बसलेत. मला सांगायचं तेवढं राहिलंय. तुमी एकच चूल लिवा."

"तसं लिहिता येत नाही," मी म्हणाले. बायकोपासून तुटायला निघालेल्या माणसाला मी व्याख्या वाचून दाखवली, उपकलमासकट.

मग खाटेजवळचा स्टोव्ह दिसला.

"यावर काय होतं?"

"च्या."

"चहा चालत नाही. जेवण शिजायला पाहिजे."

म्हातारी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "खिचडी हुईल," ती म्हणाली.

"पण आज झालेली नाही ना?"

"लई चिकट हायस गं तू! उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. स्टोव्हवर खिचडी रटरटत होती आणि मुलं, सुना सगळी खाटेभोवती उभी होती. म्हातारीनं सुनावलं, "आमची चूल येगळी. आमाला कुणी वाटून घ्यायचं नाय."

थोरल्यानं माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, असं चालतं का?"

इतक्या वर्षांत माझ्या नियमाबद्दल कुणी आपणहून विचारल्याची ही पहिलीच वेळ. "जिथं जेवण शिजतं ते घर," मी शक्य तितक्या सरकारी आवाजात म्हणाले. मी सरकारी नाही, हे सांगायचं राहून गेलं.

धाकटा म्हणाला, "मंग दाळ तरी आमच्याकडनं घे, माय."

मी तीन घरं लिहिली. तिसऱ्या घरानं मधलं घर आणखी खाली जाणार होतं. साहेबांना काय सांगायचं, हे उद्याच्या कामांच्या यादीत घातलं आणि शेवटच्या रकान्याकडं वळले.

"तुमचं उत्पन्न?"

"शेळीचं दूध," म्हातारा म्हणाला.

"शेळी माझी हाय," म्हातारी म्हणाली.

"आन् तिला आणली कुणी बाजारातनं?"

"पैसं कुणाचं व्हतं?"

मी घाईघाईनं कागद मिटला. आणखी थोडा वेळ थांबले असते तर चौथी चूल लिहावी लागली असती.