खाला आणि गल्लीची डीपी

खोलीतून माणूस उठला की त्याच्या मागोमाग खालाचा हात बटणावर जायचा. बोलणं अर्धवट सोडून ती उठायची, पंखा बंद करायची आणि परत येऊन तेच वाक्य पुरं करायची. कोणी हसलं तर म्हणायची, "भिंतीले हवा कायले पायजे?"

रिसोडच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा तिच्या घराच्या मागच्या खोल्या भाड्याने घेतल्या. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून पुण्याला होते आणि नवऱ्याचं कापडाचं दुकान पुतण्या बघायचा. गल्लीत हिंदू काय, मुसलमान काय, सगळे तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणत. खरं नाव मला फार उशिरा कळलं.

शाळेच्या घाईत मी डाळ धुऊन तशीच कुकरला लावायची. खालाने ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून उजाडताच माझ्या खिडकीवर टकटक सुरू झाली. "दाळ भिजू घातली का, बेटी?" भिजलेली डाळ लवकर शिजते, हे मलाही माहीत होतं. पण रोज आठवणीनं करणारी ती एकटीच. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून ती कुकर तसाच ठेवायची. "आता वाफेले तिचं काम करू दे." गरम भाजी फ्रिजमध्ये ठेवायला तिची सक्त मनाई होती. "आदी तिले बाहेर बसू दे. नाई तं फ्रिज बिचारा हापत राह्यते." आंघोळीचं पाणी हिवाळ्यातही गच्चीवरच्या काळ्या घागरीत तापायचं. उन्हाळा लागायच्या आत गच्चीला चुना मारून घ्यायची, त्यामुळे खालच्या खोल्या भर दुपारीही सोसवतील इतपत राहायच्या.

शाळेतल्या बायका म्हणायच्या, तुझी घरमालकीण कंजूष दिसते. मला तसं कधी वाटलं नाही. ईदला तिचा शिरखुर्मा अख्ख्या गल्लीत फिरायचा. मला एकदा सणकून ताप आला, तेव्हा पुतण्याला बोलावून तिने स्वतःचा कूलर माझ्या खोलीत आणून लावला. तो दिवसभर चालू होता. मी म्हटलं, "खाला, आज बंद नाही करत?" तिने माझ्या कपाळावरची पट्टी बदलली. "आज तो कामाचा हाय. झोप तू."

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी जळाली. डीपी म्हणजे विजेचं रोहित्र; साऱ्या गल्लीची लाईट त्याच्यावर. समोरच्या घरात बाबूराव राहत. पिठाच्या गिरणीत आयुष्य गेलेलं, फुप्फुसं खराब झालेली; ऑक्सिजनचं मशीन लावल्याशिवाय त्यांचा श्वास पुरत नसे. इन्व्हर्टर काही वेळ टिकला आणि बंद पडला. वाशीमहून जीपमध्ये सिलिंडर येईपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, धरून खाला ओट्यावर बसली होती.

नवी डीपी बसली, पण लाईनमन जाताना सांगून गेला की संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि मोटरी एकदम सुरू राहिल्या तर हीसुद्धा जळणार. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन खाला घरोघर निघाली. मला सोबत घेतलं. बोअरची मोटर सकाळी चालवा, इस्त्री दुपारी करा, संध्याकाळी एका घरात एकच कूलर लावा आणि सगळे त्याच खोलीत बसा, एवढंच तिचं मागणं होतं. बहुतेकांनी मान डोलावली. कोपऱ्यावरचा संदीप मात्र ऐकेना. त्याचं नवं घर, तीन खोल्यांत तीन एसी.

"खाला, बिल मी भरतो ना? मंग तुमाले काय तरास हाय?"

"बिल तू भरतं, बेटा. पन डीपी सगळ्याइची हाय. उद्या बाबूरावचं मशीन बंद पडलं, तं त्याइच्या तोंडापुढं बिल धरशीन का?"

संदीपने दार लावून घेतलं. खाला परतली. त्या संध्याकाळी तिने स्वतःचा कूलर लावलाच नाही. अंगणात बाज टाकून हातपंख्याने वारा घेत बसली. तिच्याकडे बघून एकेक बाज बाहेर येऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संदीपची बायको पोरांना घेऊन आली आणि म्हणाली, "दोन एसी बंद करून आलो, खाला." खालाने सरकून तिला जागा दिली. तो उन्हाळा डीपीने काढला. पुढचेही काढले.

नंतर माझी बदली कारंजाला झाली. गेल्या वर्षी खाला गेल्याचा पुतण्याचा फोन आला आणि मी मिळेल त्या एसटीने रिसोड गाठलं. दुपारच्या नमाजाच्या आधी जनाजा निघाला. आम्ही बायका दारातच थांबलो. समोरच्या घराचं दार उघडलं आणि कुसुमताईंच्या खांद्यावर हात ठेवून बाबूराव सावकाश बाहेर आले. नाकातली नळी मागे घरातल्या मशीनपर्यंत गेली होती. ती पुरेल तिथवर, उंबरठ्यापर्यंत, ते आले. जनाजा समोरून गेला तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि गल्लीच्या वळणावर माणसं दिसेनाशी होईपर्यंत तसेच उभे राहिले.