नरोली रोडचे पायजमावाले

एका फॅक्टरीत बारा-तेरा वर्षं काढली की माणसाजवळ काय उरतं? किती टन धागा काढला ते आठवत नाही, कोणतं मशीन किती वेळा बिघडलं तेही नाही. किस्से मात्र आपोआप साठत जातात. आम्ही जुने लोक कुणाच्या लग्नात भेटलो की पहिल्या पाच मिनिटांत गाडी माशांवर येते आणि बायका उठून दुसऱ्या टेबलावर जातात!

ऐंशीच्या दशकाचा शेवट. सिल्वासात तेव्हा रोज एक नवं शेड उभं राहत होतं. मी नाशिकचा, नरोली रोडवरच्या पॉलिस्टर धाग्याच्या फॅक्टरीत युटिलिटी इंजिनीयर. वीज, पाणी, हवा, सगळं माझ्याकडे. माझ्या हाताखाली रमेश बोरसे, शिरपूरचा फिटर. लॅबमध्ये केमिस्ट कुमुद सामंत, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. आणि कंपनीचा टेम्पो चालवणारे वापीचे छगनभाई. एवढंच आमचं मंडळ. आमच्या डोक्यावर मॅनेजर कर्णिकसाहेब.

* * *

मालकांनी मुंबईहून रिसेप्शनसाठी एक भलीमोठी काचेची टाकी पाठवली. खाऱ्या पाण्याची! आत रंगीबेरंगी समुद्री मासे. एक माणूस आला, टाकी लावून गेला, तो परत काही आला नाही. महिनाभरात एकेक मासा उलटा तरंगायला लागला. शेवटी चारच उरले. तोंडाकडे पिवळसर, मधे काळा पट्टा, मागे ठिपके, डोळे लालभडक आणि अंगाच्या मानाने केवढाले! कुमुदताईंनी त्यांचं नाव शोधून काढलं, कार्डिनल. मुंबईतले शोभेच्या माशांचे दुकानदार म्हणे यांना ‘पायजमा कार्डिनल’ म्हणतात. बोरसे वाकून बघत म्हणाला, “बरोबर आहे ना भाऊ! वरती सदरा, खाली ठिपक्यांचा पायजमा. चारी जण सकाळी दूध आणायला निघेल दिसतात!”

कर्णिकसाहेबांनी हुकूम सोडला, “ही टाकी भंगारात टाका. वास येतो.”

बोरसे हात मागे बांधून उभा राहिला. “साहेब, मशीन बंद पडलं तर आपण फेकतो का? रिपेर करतो. टाकी बंद पडली आहे, मासे चालू आहेत.”

“मग माझ्या नाकापासून लांब न्या,” साहेब म्हणाले. टाकी आमच्या वर्कशॉपमध्ये आली.

* * *

आता समुद्राचं पाणी आणायचं कुठून? सिल्वासाला दमणगंगा आहे, समुद्र नाही. छगनभाई म्हणाले, “दमण छे ने!” दमणला माल घेऊन गेले की येताना ते भरतीचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचे. पाणी कसलं, चहाच तो! पंधरा दिवस ड्रममध्ये निवळत ठेवायचं, मग आमच्याच वेस्ट धाग्याच्या गुंड्यांतून गाळायचं. इतका झकास फिल्टर मुंबईच्या दुकानातही मिळाला नसता.

पहिल्याच खेपेला छगनभाईंना नाक्यावर अडवलं. दमणहून गुजरातेत शिरणारा टेम्पो आणि त्यात वीस कॅन! गुजरातेत दारूबंदी. हवालदाराचे डोळेच चमकले.

“शुं छे आमां?”

“साहेब, दरियानुं पाणी.”

“मने मूरख समजे छे?”

छगनभाईंनी माशांची सगळी हकिगत सांगितली. त्यामुळे तर संशय आणखीच वाढला! हवालदाराने झाकण काढलं, वास घेतला. वास येईना. म्हणजे माल नक्कीच भारी! त्याने ओंजळ भरून चांगला मोठा घोट घेतला.

पुढची दोन मिनिटं तो रस्त्याच्या कडेला थुंकत होता. मग डोळे पुसत म्हणाला, “जा भाई, जा! आ पीवावाळाने सजा आपवानी जरूर नथी!” हे पिणाऱ्याला वेगळी शिक्षा कशाला हवी!

त्यानंतर त्या नाक्यावर आमचा टेम्पो कधी कुणी उघडला नाही.

* * *

कुमुदताई सुट्टीत मुंबईला गेल्या की लायब्ररीत बसून वही भरून आणायच्या. त्यांनीच आम्हाला सांगितलं की हे मासे उष्ण समुद्रात, प्रवाळाच्या रीफवर राहतात. दिवसभर प्रवाळाच्या फांद्यांत घोळका करून दडून बसायचं, अंधार पडला की बाहेर पडून खायचं. म्हणून तर डोळे एवढे मोठे!

आमच्याकडे प्रवाळ कुठलं? बोरसेने पीव्हीसी पाइपाचे तुकडे गरम करून वाकवले, एकमेकांना जोडले आणि टाकीत झाड उभं केलं. चौघांनी दोन दिवस लांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी आत जाऊन बसले! बोरसे त्या दिवशी कँटीनमध्ये छाती काढून हिंडत होता. “समुद्राले जमलं ते शिरपूरले पण जमतं!”

एकदा दिल्लीचे एक बडे गिऱ्हाईक प्लँट बघायला आले. आमची टाकी तोपर्यंत प्रसिद्ध झालेली. कर्णिकसाहेब स्वतः त्यांना घेऊन आले. पाहुणे पाच मिनिटं काचेला नाक लावून उभे. मासे पाइपांत ढिम्म.

“ये मछलियाँ कुछ करती क्यों नहीं?”

साहेबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी बोरसेकडे पाहिलं.

“साब,” बोरसे हळूच म्हणाला, “ये नाइट शिफ्टवाले हैं. अभी सोने दो बिचारों को.”

पाहुणे बाहेर जाईपर्यंत चवड्यांवर चालत गेले!

* * *

मग एक दिवस त्यातल्या एकाने खाणं सोडलं. कोलंबीचा कीस समोरून तरंगत जायचा, हा ढुंकून बघायचा नाही. वर जबडा सुजलेला. बोरसेने निदान केलं, “गालगुंड!” मी औषधाची बाटली आणली, पण कुमुदताईंनी हात धरला. “थांबा मोरेसाहेब. परवापर्यंत त्या दुसरीचं पोट फुगलेलं होतं. आज बघा, सपाट. आणि ती मस्त खातेय.”

आम्ही तिघं काचेला डोळे लावून बसलो. बऱ्याच वेळाने त्या सुजऱ्याने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. आत साबुदाण्याहून बारीक, चकचकीत दाण्यांचा गोळा! त्याने तो तोंडातल्या तोंडात फिरवला आणि पुन्हा ओठ मिटले.

“अंडी,” कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातातून काढून घेतली. “ही आई नव्हे. हा बाप आहे. अंडी फुटेपर्यंत तोंडात सांभाळणार.”

“आणि जेवण?” बोरसेने विचारलं.

“जेवला तर पोरं पोटात जातील ना. उपाशीच राहायचं.”

बोरसे पुन्हा काचेला डोळे लावून बसला. त्याची बायको बाळंतपणाला शिरपूरला गेली होती, मुलगी होऊन तीन महिने झाले होते. जायचं ते दिवाळीला, असं त्याने ठरवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कर्णिकसाहेबांच्या केबिनमध्ये उभा.

“साहेब, रजा पाहिजे. पोरीचं तोंड नाही पाहिलं अजून. आणि तो मासा पाहा, काहीच खाऊ नाही राहिला.”

साहेबांना दोन गोष्टींचा संबंध लागेना. “किती दिवसांची रजा?”

“मासा जेवेपर्यंत, साहेब.”

साहेबांनी आठ दिवस लिहून दिले.

* * *

त्या वेळची पिल्लं मात्र गेली. बोरसे परत आला त्याच्या आदल्या दिवशी बाप कोलंबीवर तुटून पडला होता आणि टाकीत पिल्लू एकही नव्हतं. फिल्टरने ओढली की बाकीच्यांनी खाल्ली, कोण जाणे. दुसऱ्या वेळी अंडी फुटली, काचेच्या तुसांसारखी पारदर्शक पिल्लं दोन दिवस दिसली, मग दिसेनाशी झाली. मुंबईच्या मासेवाल्याला फोन केला तर तो हसला. “साहेब, ही समुद्रातच होतात. सोडून द्या नाद.”

कुमुदताईंना हे हसणं फार लागलं. “वेंगुर्ल्याच्या माणसाला समुद्र शिकवतो!” त्यांनी निळा ड्रम कापून वेगळी टाकी करून घेतली. पिल्लांना एवढंसं तोंड, त्यांना एवढंसंच खाणं हवं. ते भरतीच्या पाण्यात असतं, डोळ्यांना दिसतही नाही. मग छगनभाई दमणच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मलमलचं धोतर जाळ्यासारखं ओढू लागले. किनाऱ्यावरच्या एका कोळणीला त्यांची दया आली. “बापा, घरी नळ नाही का?” छगनभाई म्हणाले, “नळ छे, पण एमां जीव नथी आवतो!” नळ आहे, पण त्यात जीव येत नाहीत! ती बाई पुढे दर वेळी त्यांना पाहून हात जोडायची. वेडा समजून की साधू समजून, ते आम्हाला कळलं नाही.

* * *

तिसऱ्या वेळी बाप अंडी घेऊन ड्रममध्ये होता. सातवा दिवस. सकाळी साडेअकराला धाडकन आवाज झाला. ट्रान्सफॉर्मर गेला! सगळा प्लँट गप्प. आणि जनरेटर? त्याचं पोट फाडून बोरसेने सगळे भाग ताडपत्रीवर मांडलेले, ओव्हरहॉलला!

कुमुदताई धावत आल्या. “हवेचा पंप बंद पडलाय. त्याचा जीव घुसमटला तर तो अंडी थुंकून टाकेल.”

कंप्रेसरच्या टाकीत हवा शिल्लक होती, पण तिच्यात तेल. माशाला विषच. मी आणि बोरसे जनरेटरला भिडलो. जाता जाता बोरसे ओरडला, “ताई, सायकलचा पंप!”

पंपाची नळी ड्रममधल्या, हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाला जोडली. कुमुदताईंनी पन्नास दट्टे मारले, हात भरून आले. मशीन बंद म्हणून ऑपरेटर मोकळेच होते. एक आला, दुसरा आला, मग रांगच लागली. जळगावचे, खानवेलचे, बिहारचे. ज्याने त्याने शंभर मारायचे आणि बाजूला व्हायचं.

कर्णिकसाहेब तणतणत आले. “हे काय चाललंय? प्रॉडक्शन बंद आणि तुम्ही…” तेवढ्यात त्यांनी ड्रममध्ये पाहिलं. बाप पाण्याच्या वरच्या थराला आला होता. कल्ले भराभर हलत होते, तोंड मिटलेलं. साहेबांनी हातातली फाइल खाली ठेवली. मग टाय खांद्यावर टाकला, समोरच्याला म्हणाले, “सरक.”

ते साठाव्या दट्ट्यावर असतील, तेव्हा ऑफिसातून टायपिस्ट पळत आली. “साहेब, मालकांचा फोन! विचारताहेत, काय चाललंय?”

“सांगा, साहेब पंप मारतायत.”

“कुठला पंप म्हणून विचारलं तर?”

साहेब धापा टाकत म्हणाले, “सगळ्यात महत्त्वाचा!”

साडेचारला जनरेटर धडधडला. पाच तास. बापाने तोंड उघडलं नव्हतं.

* * *

त्या खेपेला पिल्लं जगली. सगळी नाहीत. कुमुदताई शिफ्टच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज त्यांचा आकडा लिहायच्या. साठ, चाळीस, एकवीस, मग नऊ. नवावर आकडा थांबला तो थांबलाच. दीड महिन्याने त्या नऊ जणांच्या अंगावर काळा पट्टा उमटला, मागे ठिपके आले. ज्या दिवशी ते पहिल्यांदा पीव्हीसीच्या झाडात जाऊन बसले, त्या दिवशी कँटीनमध्ये जिलबी झाली आणि कारण कुणाला विचारावं लागलं नाही.

* * *

ही बातमी कुमुदताईंच्या ओळखीतून मुंबईच्या एका निवृत्त प्रोफेसरांपर्यंत गेली. समुद्री माशांत सगळा जन्म घालवलेला माणूस. एक दिवस ते वापीला उतरून रिक्षाने थेट आमच्या गेटवर. वॉचमन तिवारीने रजिस्टर पुढे केलं. नाव, गाव, कुणाला भेटायचं, काय काम. कामाच्या रकान्यात त्यांनी ‘तपासणी’ लिहिलं. तिवारीने घाबरून आत निरोप दिला, “इन्स्पेक्शन आया है!” आम्ही हेल्मेटं घालून उभे!

प्रोफेसर वर्कशॉपमध्ये आले. ड्रम पाहिला, वेस्ट धाग्याचा फिल्टर पाहिला, पाइपाचं झाड पाहिलं. त्यात दडलेले नऊजण मोजले. पुन्हा मोजले. मग स्टूल ओढून बसले.

“ही रचना कुणाची?”

आम्ही सगळ्यांनी बोरसेकडे पाहिलं.

“तुमचं शिक्षण?”

बोरसेचे कान लाल झाले. “आठवी नापास, सर.”

प्रोफेसरांनी खिशातून वही काढली. “पाण्याचा जोर एवढा कमी कसा ठेवलात? पिल्लं फिल्टरकडे ओढली कशी गेली नाहीत?”

बोरसे आधी अडखळला, मग सुरू झाला. व्हॉल्व्ह कसा अर्धा बंद ठेवला, धाग्याची गुंडी सैल का बांधली, बाप कोणत्या कोपऱ्यात शांत राहतो. मधे मधे तो “नाही ना सर, तसं नाही चालत,” असंही म्हणत होता आणि आम्हाला घाम फुटत होता. प्रोफेसर मान खाली घालून लिहीत होते. दोन तास. चहा आला, निवला, त्यांनी हात लावला नाही.

निघताना आम्ही चौघं आणि कर्णिकसाहेब त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. जाण्याची वेळ लिहायला तिवारीने रजिस्टर दिलं. प्रोफेसरांनी वेळ लिहिली. मग पेन तसंच धरून ते सकाळच्या ओळीकडे पाहत राहिले. आणि ‘तपासणी’वर त्यांनी सरळ रेघ मारली.

तिवारी कळवळला. “साब, रजिस्टर में काटाकूटी नहीं चलती!”

“बरोबर आहे,” प्रोफेसर म्हणाले. त्यांनी खोडलेल्या शब्दाशेजारी चेकवर करतात तशी सही केली. ‘कुणाला भेटायचं’ या रकान्यात मॅनेजर लिहिलं होतं, तेही खोडून ‘श्री. रमेश बोरसे’ केलं, तिथेही सही. मग कामाच्या रकान्यात उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला, पेनाला टोपण घातलं आणि रिक्षात जाऊन बसले.

रिक्षा वळेपर्यंत कुणी पुढे झालं नाही. मग बोरसेने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि आठवी नापास माणूस वाचतो तसं, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

“शि-का-य-ला.”