मामा रूथचा सकाळचा निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. लिहायला बसते आणि उठते – चहा टाकते, सायकलींना कुलूप लावलंय का बघून येते, परत बसते. आज उठायचं नाही असं ठरवलंय. बघू.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आल्मेरेला राहतो. माझी नोकरी अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, आयटीतली. आठेक वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या संस्थेच्या समितीत गेले. बाकी सगळे डच, बहुतेक निवृत्त. केनियात एका नदीकाठच्या गावात ही संस्था मुलांचं घर चालवते, आणि तिथल्या लोकांशी संपर्क ठेवणं हे माझं काम. मला ते आवडायचं. खरं सांगू? पुण्याला फोनवर सांगायला जास्त आवडायचं.

ते घर सांभाळायच्या मामा रूथ. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तिकडे मामा म्हणजे आई. पन्नाशीच्या, अंगानं भारदस्त, सावकाश बोलणाऱ्या. अठ्ठावीस मुलं त्यांना याच नावानं हाक मारायची, म्हणून मीही. त्या मला सिस्टर म्हणायच्या.

एक नियम होता, तो आधी सांगायला हवा. पुराच्या आदल्या वर्षी पाऊस वाढला तेव्हा मामा रूथ घाबरल्या आणि सगळ्या मुलांना घेऊन टेकडीवरच्या चर्चच्या हॉलमध्ये गेल्या. पाणी आलंच नाही. गाद्या तेवढ्या भिजल्या, मुलांची शाळा बुडाली. समितीत कुरकुर झाली. मग एक नियम झाला – मुलांना घराबाहेर हलवायचं तर आधी समितीची लेखी परवानगी. तो नियम कुणी लिहिला? मी. ऑफिसात असले नियम मी रोज लिहिते. मामा रूथनी एका शब्दानंही वाद घातला नाही. ‘बरं, सिस्टर,’ एवढंच.

पूर आला त्या शनिवारी माझ्या मुलीची, सईची, पोहण्याची परीक्षा होती. इथे कालवे जागोजागी, म्हणून पोरांना अंगावरच्या कपड्यांनिशी पोहायला शिकवतात – चुकून पाण्यात पडली तर बुडू नयेत. मी तिची पिशवी भरत होते. टेबलावर फोन वाजला. श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, “कुणाचा गं?”

“केनियाचा. बघते नंतर.”

पण मी बघितलं होतं. स्क्रीनवर मेसेज अख्खा दिसत होता. ‘सिस्टर, नदी रस्त्यापर्यंत आली आहे. मुलांना टेकडीवर नेऊ का? परवानगी हवी.’ सव्वाआठ वाजले होते.

मी तो उघडला नाही. उघडला की निळ्या खुणा उमटतात, वाचलंय हे समोरच्याला कळतं – आणि मग उत्तर द्यावं लागतं. अध्यक्ष मरायकेबाईंना फोन करावा लागला असता. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं, ही बाई पुन्हा घाबरली. मला वाटलं – हे लिहायला जड जातंय – यांच्याकडे दरवर्षी पाऊस पडतो, यांना दरवर्षी मीच लागते.

मी विसरले नव्हते. लोक म्हणतात ना, गडबडीत राहून गेलं? तसं नव्हतं. सईनं जीन्स आणि बूट घालून पाण्यात उडी मारली, आम्ही काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हाही मला तो मेसेज आठवत होता. मग घरी चार मराठी कुटुंबं जेवायला होती. पुऱ्या तळताना आठवत होता. जितका उशीर होत गेला तितका तो उघडणं अवघड होत गेलं.

दुपारी चारला उघडला. फोन लावला, लागला नाही.

पाणी दुपारीच घरात शिरलं होतं. मामा रूथ माझ्या उत्तराची वाट बघत थांबल्या होत्या, पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत. मग परवानगीशिवाय निघाल्या. चादरी एकमेकींना बांधून मोठ्या मुलांच्या हातात दिल्या, धाकट्यांना कडेवर, पाठीवर घेतलं, रस्त्यावरच्या छातीएवढ्या पाण्यातून टेकडीपर्यंत तीन फेऱ्या केल्या. सगळी मुलं वाचली. पण दहा वर्षांच्या अचियेंगच्या उजव्या हातावर वाहत आलेला पत्रा बसला. तिची बोटं आता मिटत नाहीत. मामा रूथचा फोन पाण्यात गेला.

तो फोन गेलाय हे मला कळलं तेव्हा – सांगू का? – मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी मी माझ्या फोनमधला मेसेज पुसून टाकला.

दोन आठवड्यांनी समितीची बैठक झाली, वाचनालयातल्या एका खोलीत. मामा रूथ कुणाचा तरी फोन मागून पडद्यावर आल्या. खजिनदारांनी विचारलं, इतका उशीर का केला? त्या म्हणाल्या, “मी सकाळीच सिस्टरला कळवलं होतं.”

सगळे माझ्याकडे वळले.

“मला मेसेज चारला मिळाला,” मी म्हणाले. “मिळाल्याबरोबर फोन केला.”

माझा आवाज कापलासुद्धा नाही. मला वाटलं होतं, आता मामा रूथ चिडतील, भांडतील.  पण त्या हळू म्हणाल्या, “सिस्टर म्हणतात तर तसंच असेल. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

मरायकेबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. महिन्याभरात मामा रूथना कामावरून कमी केलं. कारण लिहिलं – वेळेवर कळवलं नाही. त्या पत्राचं इंग्रजी मीच तपासून दिलं.

गेल्या वर्षी मी तिकडे गेले. नवीन घर टेकडीवर बांधलंय, ते बघायला. खरं म्हणजे मामा रूथना सांगायलाच गेले होते. विमानात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. त्या आता बसथांब्याजवळ तळलेले गोड वडे विकतात. शाळा सुटली की मुलं अजून त्यांच्याकडेच धावतात. अचियेंगही होती, डाव्या हातानं वडा खात.

मामा रूथनी मला बाकावर बसवलं, दुधाचा चहा दिला. मी कप हातात धरून तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “सिस्टर, बरं झालं तुम्ही आलात. त्या दिवशी बैठकीत मी तुमच्यावर उशिराचा ठपका ठेवला, सगळ्यांसमोर. वेळ माझी चुकली असणार. मी रोज प्रार्थना करते त्यासाठी. मला माफ करा.”

खरं सांगून टाकायला एवढी सोपी जागा मला पुन्हा कधी मिळणार होती?

“जाऊ दे,” मी म्हणाले. “माफ केलं.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडल्या. मी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी परत आले. मामा रूथना अजून वाटतं, चूक त्यांची होती.